मुदतीत फेडले म्हणजे झाले?

व्याज निषिद्ध आहे, हे मराठी भाषक मुस्लिम कुटुंबाला पटवून देण्यासाठी आज लेख लिहिण्याची गरज उरलेली नाही. ते घरातील लहानांनाही ठाऊक असते. अडचण निराळ्याच ठिकाणी आहे. पुण्या-मुंबईत नोकरी करणारा, पाच वेळची नमाज सांभाळणारा, बचत खात्यावर जमा झालेले व्याज वेगळे काढून पुण्याची अपेक्षा न ठेवता गरजवंताला देऊन टाकणारा तरुण खिशातून क्रेडिट कार्ड काढतो आणि म्हणतो, "मी दरमहा संपूर्ण बिल मुदतीच्या आत भरतो. आजवर एक पैसाही व्याज दिलेले नाही. मग माझ्या हातून कोणते पाप घडते?" त्याला उत्तर देणे वाटते तितके सोपे नाही. "हराम म्हणजे हराम" असे दरडावून त्याचे तोंड बंद करता येईल, पण त्याचा प्रश्न तिथल्या तिथेच राहील. शिवाय तो प्रश्न लबाडीचा नाही. धर्माची चाड नसती तर त्याने विचारलाच नसता.

म्हणून प्रथम त्याच्या बाजूने जे खरे आहे ते मान्य करू. उधारीने वस्तू घेणे इस्लाममध्ये गुन्हा नाही. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी मदीनेतील एका ज्यू गृहस्थाकडून घरासाठी जव उधारीने घेतले होते आणि त्यापोटी आपले चिलखत त्याच्याकडे गहाण ठेवले होते. त्यांचे निधन झाले तेव्हा ते चिलखत तीस साअ जवाच्या मोबदल्यात गहाणच होते, असे हजरत आयशा (रजि.) यांच्या हदीसमध्ये आले आहे. दिव्य कुरआनातील सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची २८२वी, नमाज-रोजाविषयी नाही. ती मुदतीच्या कर्जाचा व्यवहार लिहून कसा ठेवावा, लेखकाने काय करावे, साक्षीदार कोण असावेत, याविषयी आहे. ज्या धर्माने कर्जाच्या कागदाला एवढी जागा दिली, त्याला माणसाच्या गरजा आणि बाजाराची रीत समजत नाही असे कोणी म्हणू नये.

आपल्या गल्लीतला किराणा दुकानदारही उधारी देतोच. वहीत नाव लिहितो, पगार झाला की हिशेब होतो, साखरेचा भाव वहीत तोच आणि रोखीनेही तोच. या व्यवहारात एक गोष्ट सहसा आपल्या लक्षात येत नाही. आपण वेळेवर फेडावे यातच त्या दुकानदाराचे हित असते. उधारी फार वाढली की तोच हात आखडता घेतो आणि "भाभी, मागचे जरा बघा" असे अदबीने सुचवतो. त्याची वही आपल्याला आवरते. आता कार्डाकडे पाहू. तिथे उधारी वाढली की मर्यादा वाढवून देण्याचा संदेश येतो. ज्याचे उत्पन्न आपल्या न फेडण्यातून येते, तो आपल्याला कशासाठी आवरील?

ही गोष्ट कार्डाच्या जन्मापासून अशीच होती असे मात्र नाही. १९५० साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या डायनर्स क्लबच्या कार्डावर महिनाअखेर संपूर्ण बिल भरावे लागे. रक्कम पुढे ढकलण्याची सोयच नव्हती. पुढे १९५८ साली बँक ऑफ अमेरिकेने कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो शहरात सुमारे ६० हजार कार्डे, कोणी मागितलेली नसताना, टपालाने घरोघरी पाठवली. त्या कार्डावर नवी सोय होती : सगळे आत्ता भरू नका, थोडे भरा, उरलेले पुढे न्या, त्यावर व्याज द्या. आज आपल्या खिशात जे असते ते या दुसऱ्या कार्डाचे वंशज आहे. बिलावर दोन आकडे छापलेले असतात. एक एकूण देय रक्कम आणि दुसरी किमान देय रक्कम. दुसरा आकडा पहिल्याच्या मानाने इतका लहान असतो की पगार लांबलेल्या महिन्यात तो एखाद्या हितचिंतकासारखा वाटतो.

या दुसऱ्या आकड्याची ओळख इस्लामच्या अभ्यासकाला जुनी आहे. अज्ञानकाळातील अरबस्तानात व्याजाची जी रीत सर्वाधिक प्रचलित होती, ती भाष्यकारांनी अशी वर्णिली आहे : कर्जाची मुदत भरली की धनको ऋणकोकडे येई आणि विचारी, फेडतोस की मुदत वाढवून रक्कमही वाढवून देतोस? ऋणकोजवळ पैसे नसले की तो दुसरा पर्याय पत्करी, आणि पुढच्या मुदतीला तोच प्रश्न मोठ्या रकमेसह पुन्हा विचारला जाई. सूरह आले-इमरानच्या १३०व्या आयतीत दुपटी-चौपटीने वाढणाऱ्या ज्या व्याजाची मनाई आहे, त्यामागे हे चित्र आहे. ध्यानात घ्यावे की त्या व्यवहारातही सुरुवातीची मुदत पुष्कळदा बिनव्याजी असे. व्याज लागे ते मुदत चुकल्यावर. तेव्हा "पहिले ४५ दिवस तर व्याज नाहीच" हा युक्तिवाद कार्डाला अज्ञानकाळाच्या व्याजापासून दूर नेत नाही. तो त्याला त्याच्या अगदी शेजारी आणून बसवतो.

हा प्रश्न आज कसा विचारला जातो ते आकड्यांतच पाहिलेले बरे. आपल्या देशात कार्डाच्या थकबाकीवर दरमहा तीन ते पावणेचार टक्के व्याज सामान्यपणे आकारले जाते. महिन्याचा आकडा लहान दिसतो, पण वर्षाचा दर ३६ ते ४५ टक्क्यांच्या घरात जातो. गावच्या ज्या सावकाराला आपण पिढ्यान् पिढ्या शिव्या दिल्या, त्यांतल्या कित्येकांना हा दर ऐकून संकोच वाटला असता. समजा, एखाद्या कुटुंबाच्या कार्डावर ५० हजार रुपये थकले. व्याज दरमहा साडेतीन टक्के, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, आणि किमान देय रक्कम थकबाकीच्या पाच टक्के. त्या कुटुंबाने पहिल्या महिन्यात २,५०० रुपये भरले. उरलेल्या ४७,५०० वर व्याज आणि कर मिळून सुमारे १,९६२ रुपये लागले. म्हणजे अडीच हजार देऊन कर्ज कमी झाले अवघे ५३८ रुपयांनी. असे बारा महिने, एकही नवी खरेदी न करता, एकदाही न चुकता किमान रक्कम भरली तर वर्षभरात सुमारे २८,३०० रुपये खिशातून जातात आणि थकबाकी उरते ४३,९०० च्या आसपास. गेलेल्या पैशांपैकी २२ हजारांहून अधिक रक्कम व्याज आणि करात विरघळली. नवी खरेदी केली तर आणखी वाईट. मागची बाकी शिल्लक असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, पहिल्या दिवसापासून व्याज लागते. कार्डावरून रोख रक्कम काढली तर मागची बाकी असो वा नसो, व्याज काढल्या दिवसापासूनच सुरू होते.

किमान रक्कमच भरत राहिल्यास परतफेड महिने किंवा वर्षे लांबते, हा इशारा बिलावर छापणे रिझर्व्ह बँकेने सक्तीचे केले आहे. इशारा द्यावा लागतो, यातच सर्व आले. या दरावर काही मर्यादा असावी म्हणून राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने २००८ साली, ३० टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असा निर्णय दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो रद्द ठरवला. तेव्हा कायद्याची भिंत इथे आपल्याला वाचवील अशी आशा करण्यात अर्थ नाही.

पण आपला तरुण म्हणेल, "हे सगळे थकवणाऱ्यांचे झाले. मी थकवीतच नाही." बरोबर आहे. आता त्याच्या प्रश्नाच्या गाभ्याकडे वळू.

कार्ड घेताना त्याने एका करारावर संमती दिली आहे. त्या करारात लिहिले आहे की मुदतीत पैसे न दिल्यास मी व्याज देईन. व्याज देण्याची वेळ येवो न येवो, देण्याचे कबूल तर केले. इस्लाममध्ये करार ही हलकी बाब नाही. सूरह माइदाची सुरुवातच करार पाळण्याच्या आदेशाने होते. मग जो करार पाळणे निषिद्ध आहे, तो "पाळायची वेळ येऊ देणार नाही" अशा मनोमन ठरावावर स्वीकारावा काय? जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने सप्टेंबर २००० मध्ये रियाध येथील बाराव्या अधिवेशनात याच प्रश्नावर ठराव केला. ज्या कार्डामागे खात्यात रक्कम नसते आणि ज्याच्या करारात व्याजाची अट असते, असे कार्ड देणे आणि वापरणे, वापरणाऱ्याचा हेतू बिनव्याजी मुदतीतच पैसे भरण्याचा असला तरी, वैध नाही, असे त्या ठरावात सांगितले आहे. इस्लामी वित्तसंस्थांसाठी शरई मानके ठरवणाऱ्या आयोफी या संस्थेच्या दुसऱ्या क्रमांकाच्या मानकाचा विषयही ही कार्डेच आहेत. त्यात डेबिट कार्डाला मोकळीक आहे, व्याजाने फिरत्या उधारीच्या कार्डाला नाही.

दुसरे मतही आहे आणि ते लपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. काही जाणकार उलमा म्हणतात की आजच्या व्यवहारात अशा अटींपासून सुटका अवघड आहे. वीजबिलापासून शाळेच्या फीपर्यंत उशिराच्या आकाराची अट सर्वत्र आहे. ज्याला खरी गरज आहे आणि ज्याने पूर्ण बिल आपोआप खात्यातून वळते होण्याची पक्की व्यवस्था केली आहे, त्याने कार्ड वापरले तर त्याला गुन्हेगार ठरवू नये. या मतात दम नाही असे म्हणवत नाही. परंतु त्यात गरजेची आणि व्यवस्थेची जी अट घातली आहे, तीच आपण पहिल्यांदा विसरतो. दहा टक्के सूट, विमानतळावरचा विश्रामकक्ष आणि गुणांच्या बदल्यात मिळणारी इस्त्री ही फिकहच्या भाषेतील गरज नव्हे. "सिबिल स्कोअर वाढावा म्हणून कार्ड घेतले" हे कारण तर मला नेहमी कोड्यात टाकते. पुढे मोठे व्याजी कर्ज मिळावे म्हणून आज लहान उधारीचा सराव करायचा, याला गरज कशी म्हणावी?

मला स्वतःला मात्र कराराच्या मुद्द्याहूनही दुसरी एक गोष्ट अधिक अस्वस्थ करते. मुदतीत बिल भरणाऱ्याला महिना-दीड महिना बिनव्याजी पैसे मिळतात, वर गुण आणि सवलती मिळतात. हे सारे येते कुठून? एक वाटा दुकानदाराकडून येतो. कार्डाच्या प्रत्येक विक्रीवर त्याला दोन टक्क्यांच्या आसपास रक्कम सोडावी लागते, आणि तो ती भावात मिळवतो. म्हणजे रोखीने घेणारी कामवालीही त्याचा भार उचलते. दुसरा मोठा वाटा त्यांच्याकडून येतो, ज्यांनी किमान देय रक्कम भरली. अर्थात ज्याची नोकरी गेली, ज्याच्या घरी आजारपण आले, ज्याला टक्केवारीचा अर्थ कोणी समजावून सांगितला नाही, त्याच्या २२ हजारांतून माझ्या सवलतीची तजवीज होते. मी व्याज दिले नाही हे खरे. पण व्याजाच्या पंगतीत बसून मी काही जेवलो की नाही?

हजरत जाबिर (रजि.) यांनी सांगितलेली आणि सहीह मुस्लिममध्ये आलेली हदीस सर्वांना माहीत आहे. प्रेषितांनी (सल्ल.) व्याज खाणारा, देणारा, त्याचा कागद लिहिणारा आणि त्याचे दोन साक्षीदार, या सर्वांचा धिक्कार केला आणि ते सारे सारखेच असल्याचे सांगितले. आपण ही हदीस बहुधा बँकेच्या कर्मचाऱ्याकडे बोट दाखवण्यासाठी वापरतो. तिचा रोख मला निराळा दिसतो. व्याज हे केवळ देणारा आणि घेणारा या दोघांतले पाप नव्हे, ती एक उभारलेली व्यवस्था आहे, आणि तिच्यात ज्याच्या त्याच्या जागेचा हिशेब होणार आहे, हे ती हदीस सांगते. कार्डाचा शहाणा वापरकर्ता त्या यादीत नेमका कुठे बसतो, याचा निवाडा मी करणार नाही. तो यादीपासून पुरेसा दूर आहे, असे छातीवर हात ठेवून सांगणेही मला जमणार नाही.

आणि तो शहाणा राहीलच, याची हमी तरी कोणी द्यावी? कर्जाविषयी प्रेषितांची (सल्ल.) दृष्टी पाहावी. ते नमाजमध्ये पाप आणि कर्ज या दोहोंपासून अल्लाहचा आश्रय मागत. कर्जापासून इतक्या वेळा आश्रय का मागता, असे कोणी विचारले तेव्हा त्यांच्या उत्तराचा आशय असा होता की कर्जात अडकलेला माणूस बोलतो तेव्हा खोटे बोलतो आणि वचन देतो तेव्हा मोडतो. दारिद्र्याचा किंवा उपासमारीचा उल्लेख त्या उत्तरात नाही. कर्जाने माणसाच्या जिभेचे काय होते, तेवढेच त्यात आहे. ज्याच्या घरी वसुलीचा फोन येऊ लागला आहे, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. आधी तो "मीटिंगमध्ये आहे" असे सांगतो, मग मुलाला फोन घ्यायला लावून "अब्बा घरी नाहीत" असे बोलायला शिकवतो, मग पत्नीपासून बिल लपवतो. रक्कम फिटल्यावरही मुलाच्या कानी पडलेले ते वाक्य तसेच राहते.

पूर्वी निदान नोट मोजून देताना हात थबके. कार्डाने ते थबकणे कमी केले, आणि २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येऊ लागल्यावर ते जवळजवळ संपले. मोबाईलवर तोच चौकोन दाखवून भाजी घेता येते. पैसे आपल्या खात्यातून गेले की उधारीत गेले, हे नीट पाहिल्याशिवाय कळत नाही. बिनखर्चाच्या हप्त्यांचीही तीच कथा. रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच, शून्य टक्के व्याज अशी काही चीज नसते आणि व्याज बहुधा प्रक्रिया शुल्काच्या रूपात दडवलेले असते, अशी तंबी बँकांना दिली होती. आज ते बहुतेकदा न मिळालेल्या सवलतीच्या रूपात दडते : रोखीने घेतल्यास स्वस्त, हप्त्याने घेतल्यास "बिनव्याजी". ईदच्या आठवड्यात या जाहिराती कशा दाटीने येतात, ते पाहण्यासारखे असते. सूरह बनी इस्राईलमध्ये उधळ्या माणसांना सैतानाचे भाऊ म्हटले आहे. सूरह फुरकानमध्ये रहमानच्या दासांचे वर्णन करताना, ते उधळतही नाहीत आणि हात आखडूनही धरत नाहीत, त्यांचा खर्च या दोहोंच्या मधला असतो, असे म्हटले आहे. ही मधली वाट चालायची तर महिन्याकाठी हातात किती आहे ते दिसावे लागते. कार्ड नेमके तेच दिसू देत नाही.

इथवर लिहिल्यावर लेखणी थांबवून समाजाला एक प्रश्न विचारणे भाग आहे. कार्डाची थकबाकी नेहमी चैनीतून येत नाही. रात्री अकरा वाजता रुग्णालयाच्या खिडकीवर ५० हजार रुपये अनामत मागितली जाते. त्या घटकेला ज्याच्या खिशात फक्त कार्ड आहे, त्याने काय करावे? सकाळपर्यंत थांबून मोहल्ल्यातील सधन बांधवांची दारे वाजवावीत? आणि वाजवली तर किती उघडतील? आपण जुम्याच्या खुत्ब्यात व्याजाविरुद्ध ऐकतो, मान डोलावतो, आणि घरी येऊन कोणी चुलतभावाने दहा हजार मागितले तर "सध्या जरा अडचण आहे" म्हणतो. भावाला नकार देणारा आणि त्याला कार्डाच्या खिडकीकडे ढकलणारा हात एकच असतो. "उधार दिले की नाते तुटते" ही आपली तक्रार काही प्रमाणात खरीही आहे. ऐपत असून फेड लांबवणे हा जुलूम आहे, असे प्रेषितांनी (सल्ल.) स्पष्ट केले आहे, आणि नात्यातल्या उधारीत हा जुलूम सर्रास चालतो. बँकेचा हप्ता पहिल्या तारखेला जातो, चुलत्याचे पैसे मात्र तीन वर्षे "इन्शाअल्लाह" वर राहतात. अल्लाहचे नाव टाळाटाळीसाठी वापरले जाते, तेव्हा कर्जे-हसना देणारेही हळूहळू संपतात. कुरआनाने सांगितलेली लिखापढी नात्यातच केली, रक्कम आणि मुदत कागदावर मांडली, दोन साक्षीदार घेतले, तर यातले अर्धे तंटे उद्भवणारच नाहीत. नात्यात कागद मागणे हा अपमान वाटतो, पण ज्या आयतीने कागद सांगितला, तिने नात्यांचा अपवाद केलेला नाही.

सूरह बकराच्या २८०व्या आयतीत अडचणीतील ऋणकोला सवड देण्याचा आदेश आहे, आणि कर्ज माफ करणे त्याहून उत्तम म्हटले आहे. जकातच्या आठ हक्कदारांत कर्जाखाली दबलेल्यांचा स्वतंत्र उल्लेख सूरह तौबामध्ये आहे. जकातचे वाटप करणाऱ्या आपल्या मंडळींना विधवा, अनाथ आणि मदरशाचे विद्यार्थी आठवतात, आणि तसे आठवायलाच हवेत. पण पांढरपेशा वस्तीतील, इस्त्रीचे कपडे घालणारा, कार्डाच्या चक्रात सापडलेला माणूसही त्या आयतीत आहे, हे आठवत नाही. त्याने निषिद्ध व्यवहार केला, असे कोणी म्हणेल. तर अनेक फकीहांनी, तौबा केलेल्या कर्जदाराला या वाट्यातून मदत देण्यास हरकत नाही, असे म्हटलेले आहे. देवबंदमध्ये १९६१ साली सुरू झालेल्या मुस्लिम फंडाने दागिने तारण ठेवून बिनव्याजी कर्ज देण्याची रीत घालून दिली, आणि तशा पतसंस्था पुढे ठिकठिकाणी निघाल्या. मशिदीच्या पातळीवर शंभर कुटुंबांनी महिन्याला दोनशे रुपये बाजूला ठेवले तर वर्षाला दोन लाख चाळीस हजार जमतात. रात्री अकराच्या त्या खिडकीसाठी एवढी रक्कम पुष्कळ आहे.

प्रेषितांसमोर (सल्ल.) एक जनाजा आणला गेला. मृतावर तीन दीनार कर्ज होते आणि फेडण्यापुरते त्याने मागे काही ठेवले नव्हते. प्रेषित म्हणाले की तुम्हीच आपल्या सोबत्याची नमाज अदा करा. तेव्हा हजरत अबू कतादा (रजि.) पुढे झाले आणि ते कर्ज त्यांनी आपल्या शिरावर घेतले, मग प्रेषितांनी नमाज पढवली. पुढे अल्लाहने सुबत्ता दिली तेव्हा अशा कर्जाची जबाबदारी प्रेषित स्वतः घेऊ लागले. या प्रसंगावरून कर्जाची भीती आपण पुष्कळदा सांगतो. रांगेतून एक जण पुढे आला, हा भाग मात्र त्या मानाने कमी सांगितला जातो.

जे आज चक्रात आहेत त्यांच्यासाठी दोन व्यावहारिक गोष्टी. कार्डावर नवी खरेदी आजपासून थांबवावी; मागची बाकी असताना प्रत्येक नवी वस्तू पहिल्या दिवसापासून व्याजाची असते. घरात पडून असलेले सोने, सुट्या पैशांची ठेव, भावाकडून लेखी घेतलेले कर्जे-हसना, जे असेल ते वापरून व्याजाचे कर्ज सर्वांत आधी मिटवावे, आणि हे करताना पत्नीला, वडिलांना विश्वासात घ्यावे. बाकी शून्य झाली की कार्ड बंद करण्याची लेखी विनंती द्यावी. रिझर्व्ह बँकेच्या २०२२च्या निर्देशांनुसार, कोणतीही बाकी नसलेले कार्ड विनंतीनंतर सात कामकाजाच्या दिवसांत बंद करावे लागते, अन्यथा पुढच्या प्रत्येक दिवसासाठी ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. न मागता पाठवलेले कार्ड तर याच निर्देशांनी निषिद्ध केले आहे. ते आले तर चालूच करू नये. रोजच्या व्यवहाराला डेबिट कार्ड आणि स्वतःच्या खात्याला जोडलेले यूपीआय पुरते. खात्यात पैसे नसले की ते नकार देते. त्या नकाराची लाज वाटते हे खरे, पण तो किराणा दुकानदाराच्या अदबीच्या सूचनेसारखाच आहे.

आणखी एक, ज्याकडे फारच थोडी घरे लक्ष देतात. वारसाहक्काच्या आयतींत वाटणीची वेळ मृत्युपत्र आणि कर्ज यांच्या फेडीनंतरची सांगितली आहे. कर्ज कार्डाचे असले की घरच्यांना ते माहीतच नसते, कारण त्याला ना साक्षीदार असतो ना वही. बिल ईमेलवर येते आणि ईमेलचा पासवर्ड मृतासोबत जातो. म्हणून आपली सर्व देणी एका कागदावर लिहून तो घरात ठाऊक असलेल्या जागी ठेवावा.

हजरत जुबैर (रजि.) यांचा वृत्तान्त सहीह बुखारीत विस्ताराने आला आहे. लोक त्यांच्याकडे ठेवी आणत. ते म्हणत, ठेव म्हणून नको, कर्ज म्हणून देऊन जा. कारण ठेव चुकून गहाळ झाली तर मालकाचे नुकसान होईल, कर्ज मात्र मला फेडावेच लागेल. इतरांचा पैसा सुरक्षित राहावा म्हणून त्यांनी कर्जाचे ओझे स्वतःवर घेतले होते. जमलच्या युद्धाच्या दिवशी त्यांनी पुत्र अब्दुल्लाह यांना जवळ बोलावून सांगितले की मला सर्वांत मोठी चिंता माझ्या कर्जाची आहे. मालमत्ता विकून ते फेड, आणि कमी पडले तर माझ्या स्वामीकडे मदत माग. कोणता स्वामी, असे मुलाने विचारले तेव्हा ते म्हणाले, अल्लाह. त्यांच्या मृत्यूनंतर हिशेब केला तर कर्ज २२ लाख निघाले. रोख दीनार-दिरहम एकही नव्हता; मदीनेजवळची गाबाची जमीन आणि काही घरे होती. अब्दुल्लाह यांनी जमीन विकून एकेकाचे देणे चुकते केले. सारे फिटल्यावर भावंडांनी वाटणी मागितली. ते म्हणाले, अजून नाही. सलग चार वर्षे हजच्या काळात त्यांनी पुकारा केला की जुबैरकडे ज्याचे काही येणे असेल त्याने यावे आणि घेऊन जावे. चौथा हज पार पडल्यावरच त्यांनी वडिलांची मालमत्ता वारसांत वाटली.